सुपारीएवढं ऊन

देवणीपासून दोन कोसांवरच्या त्या गावात शिवकांता कोण हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिला डोळ्यांनी पाहिलेली माणसं वर्षागणिक कमी होत चालली होती.

बहात्तर सालच्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर गावातली झाडून सगळी घरं जात होती. ज्यांच्या दावणीला चार चार बैल होते तेही जात होते आणि ज्यांच्या घरात स्वतःची कुदळ नव्हती तेही. शिवकांता तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सातवीपर्यंत शिकलेली, उंचीपुरी, डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन ताठ चालणारी. माघातल्या एका दुपारी खड्ड्याची कड ढासळली. खाली तिघी जणी होत्या. दोघी उडी मारून बाजूला झाल्या, शिवकांता कंबरेपर्यंत गाडली गेली. बायकांनी हातांनी मुरूम उपसून तिला बाहेर काढलं, तेव्हा ती रडत नव्हती. काही दुखत नाही म्हणाली. उदगीरच्या दवाखान्यात तिची आई उमाबाई हेच पुन्हा पुन्हा आनंदानं सांगत होती, लेकराला काही दुखत नाही म्हणून. डॉक्टरनं तिला बाहेर बोलावून समजावलं, की दुखत नाही हेच वाईट आहे.

तिचं लग्न ठरलं होतं, उदगीरच्याच एका किराणा दुकानदाराच्या घरी. तिकडून नकार द्यायला कुणी आलं नाही. फक्त निरोप यायचे थांबले.

वैशाखात तिला घरी आणलं. वडील आधीच गेले होते. घरात उमाबाई आणि शिवकांतापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला भाऊ महादेवप्पा, एवढीच माणसं. घराच्या मागं कडबा ठेवायची पत्र्याची खोली होती, ती रिकामी करून सारवली. माजघरात नको, असं उमाबाईंनीच ठरवलं. येणारा-जाणारा बघणार, चुकचुकणार, आणि पोरीला ते ऐकावं लागणार. खोलीला खिडकी नव्हती. दार इतकं अरुंद होतं की खाट आडवी करून, पाय काढून आत न्यावी लागली. मग चौघांनी चादरीच्या झोळीत घालून शिवकांताला तिच्यावर आणून ठेवलं. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेच्या भिंतीकडं. त्या दिवसापासून तिचं जग म्हणजे दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद.

पत्रे जुने होते, कुणाच्या तरी शेतातल्या आखाड्यावरून उतरवलेले. खिळ्यांची भोकं डांबरानं बुजवलेली होती, पण एक राहून गेलं होतं, आणि ते बरोबर तिच्या डोक्यावर होतं. दुपार झाली की त्यातून सुपारीएवढं गोल ऊन खाली यायचं आणि तिच्या डोळ्यांवर बसायचं. मान वळवण्यापलीकडं, फार तर डोळ्यांवर पदर ओढण्यापलीकडं तिला काही करता येत नव्हतं. पहिले पंधरा दिवस ती त्या उन्हावर इतकी चिडली, की बाकी सगळा राग तिनं त्याच्यावरच काढला. भोक बुजव म्हणून ती आईच्या मागं लागली. उमाबाई हो म्हणाल्या, पण डांबर संपलं होतं, पाऊस दिसत नव्हता, आणि गळण्याची भीती नसलेल्या घरात भोक बुजवायची घाई कुणाला असणार. राहून गेलं.

नंतर पाऊस आला, पण भोक पत्र्याच्या उंचवट्यावर होतं म्हणून गळलं नाही. ढग आले, ऊन कधी दिसायचं कधी नाही, आणि शिवकांता ते विसरली. दिवाळीच्या दिवसांत एका दुपारी तिचं सहज लक्ष गेलं, तर ऊन तिच्या नडगीवर होतं.

"अव्वा, खाट कोण सरकवली?" तिनं आईला विचारलं.

"कोण सरकवतंय बाई? तुझी खाट उचलायला चार माणसं लागतात."

तिला ते पटलं नाही. आपल्याला न विचारता आपल्याला हलवलं, आणि आता खोटं बोलतात, असं तिच्या मनानं घेतलं. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. शेवटी उमाबाईंनी वैतागून चुना कालवला आणि खाटेच्या चारी पायांभोवती जमिनीवर पांढरी रेघ ओढली. आता बघ, म्हणाल्या, सरकली तर मला सांग. शिवकांतानं रोज मान खाटेच्या कडेबाहेर काढून बघितलं. खाट रेघेतच होती. ऊन मात्र नडगीवरून घोट्यावर गेलं, घोट्यावरून अंगठ्यावर, तिथून खाटेवरून खाली उतरलं आणि मार्गशीर्षात समोरच्या उत्तरेच्या भिंतीवर चढायला लागलं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ती शाळेत घोकून शिकली होती. पण ते वाक्य होतं. वाक्याला असं पायावरून चालत जाताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

भिंतीवर हातभर चढून ते थांबलं. आठ-दहा दिवस तिथंच घुटमळलं, आणि मग हळूहळू खाली यायला लागलं. शिवकांतानं आईकडून ज्वारीचं एक लांब धाट मागून घेतलं, त्याच्या टोकाला चिंधी बांधली, चिंधी चुन्यात बुडवली आणि पडल्या पडल्या भिंतीवर खुणा करायला लागली. नेमकी दुपार कुठली हे कळावं म्हणून उमाबाईंकडून उत्तरेच्या भिंतीपासून दक्षिणेच्या भिंतीपर्यंत एक दोरा ताणून घेतला. ऊन दोऱ्याला शिवलं की खूण करायची. लेकीचं मन कशात तरी रमतंय एवढंच उमाबाईंनी पाहिलं, का आणि कशाला हे विचारलं नाही.

शिवरात्रीच्या आधी ऊन परत तिच्या पावलांवर आलं. ती बघत राहायची. तळपायावर ऊन पडलेलं दिसायचं, पण पायाला ते कळत नव्हतं. दुसऱ्याच्या पायावर पडलेलं ऊन बघावं तसं ती बघायची. ते वर सरकत गेलं, नडगी, गुडघा, मांडी. पाडव्याच्या सुमारास ते कंबरेवर आलं, आणि एका दुपारी तिला ते लागलं. अगदी थोडं, कोमट. ती ओरडली नाही, तिनं कुणाला हाक मारली नाही. दोऱ्यावरून ऊन पुढं सरकेपर्यंत ती श्वास धरून पडून राहिली. आपल्या शरीराची हद्द कुठं आहे हे डॉक्टरनं सुई टोचून सांगितलं होतं, तेव्हा ती नुसती भ्यायली होती. आता सूर्यानं तीच हद्द दाखवली आणि तिला पहिल्यांदा शांत वाटलं.

पाच-सहा वर्षं अशी गेली. दिवसातली ती दहा-पंधरा मिनिटं सोडली तर बाकीचा वेळ नुसता वेळच असायचा. उन्हाळ्यात पत्रा तापून खोलीची भट्टी व्हायची, पावसाळ्यात त्यावर इतका आवाज व्हायचा की आईची हाक ऐकू यायची नाही. महादेवप्पानं रेडिओ घेतला, तेव्हा तिला आणखी एक गंमत कळली. दुपारी दोऱ्यावर यायची सूर्याची वेळ ठरलेली नव्हती. कार्तिकात तो रेडिओच्या घड्याळापेक्षा लवकर यायचा, माघात उशिरा. दोन्हींत अर्ध्या तासाचा फरक पडायचा. सूर्यसुद्धा वेळेवर येत नाही, हे तिला फार आवडलं.

अठ्ठ्याहत्तर साली महादेवप्पाचं लग्न झालं. गौरम्मा निलंग्याकडची, बोलायला कमी, कामाला वाघ. पहिली दीड-दोन वर्षं ती नणंदेच्या खोलीत ताट ठेवून मान खाली घालून निघून जायची. भीतीच वाटायची तिला. ती भीती गेली ग्रहणाच्या दिवशी.

ऐंशी सालच्या माघातल्या अमावास्येला मोठं सूर्यग्रहण होतं. खाली कर्नाटकात रायचूरकडं ते पूर्ण दिसणार होतं, इकडं थोडं कमी. गौरम्माला पाचवा महिना होता. घरी येणारे जंगम स्वामी म्हणायचे, आपल्या गळ्यात लिंग आहे, आपल्याला ग्रहणाचं काही नाही. पण पोटुशा सुनेच्या बाबतीत उमाबाई कुणाचंच ऐकणार नव्हत्या. घरात सगळ्यात बंद खोली कुठली, तर शिवकांताची. जेवणं उरकल्यावर त्यांनी गौरम्माला तिथं नेऊन बसवलं, काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, हलायचं नाही असं बजावलं आणि बाहेरून कडी लावली.

गौरम्मा पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून, पोटावर दोन्ही हात ठेवून बसली. तिचे ओठ हलत होते. शिवकांता मात्र सकाळपासून वाट बघत होती. दुपार कलली तसं ऊन जमिनीवरून सरकत पूर्वेच्या भिंतीवर चढलं, गौरम्माच्या खांद्याशेजारी. आणि शिवकांताला दिसलं, की सुपारीच्या एका कडेला कुणीतरी नखानं खुडलंय.

तिनं गौरम्माला थोडं बाजूला सरकायला सांगितलं आणि भिंतीकडं बघ म्हणाली. गौरम्मानं पाहिलं आणि घाईनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

"अक्का, बघू नये म्हणतात. पोराला लागतं."

"सूर्याकडं बघू नये म्हणतात. तू भिंतीकडं बघायलीस."

गौरम्मा बराच वेळ तशीच बसली. मग तिनं बोटं थोडी फाकवली. ऊन आता अर्धं झालं होतं. खोलीतला उजेड मळकट झाला. बाहेर कोंबड्या डालग्याकडं पळाल्याचा आवाज आला, उमाबाई कुणाला तरी आत बोलावत होत्या. ऊन आणखी बारीक झालं, बीजेच्या चंद्रासारखं, मग कापलेल्या नखासारखं. चंद्र येऊन सूर्याच्या आणि आपल्या मधे उभा राहिलाय, त्याची सावली पडलीये, आणि ती सावली त्या खिळ्याच्या भोकातून खाली येऊन आपल्या घरातल्या शेणानं सारवलेल्या भिंतीवर उतरलीये, हे शिवकांतानं हळू आवाजात सांगितलं. गौरम्मानं हात खाली घेतले. पुढचा तासभर, ऊन पुन्हा भरत भरत गोल होईपर्यंत, ती भिंतीसमोरून उठली नाही.

मग उमाबाईंनी कडी काढली. भिंतीवर काय पाहिलं, हे दोघींनी कुणालाच सांगितलं नाही. आषाढात गौरम्माला मुलगी झाली. उमाबाईंनी तिची बोटं दोनदा मोजली, ओठ बघितला, कान बघितले, आणि आपण सुनेला बंद ठेवली म्हणून सगळं नीट झालं असं गावभर सांगितलं. गौरम्मा त्यानंतर मात्र दुपारची भाकरी घेऊन आली की ऊन दोऱ्यावरून जाईपर्यंत खोलीत बसायला लागली.

पुढच्या वर्षी जनगणनेसाठी दत्तोपंत गुरुजी आले. शिवकांताला सातवीत त्यांनीच शिकवलं होतं. ती दिसत नाही म्हणून त्यांनी चौकशी केली आणि कागद घेऊन मागच्या खोलीत आले. काय काम करता या प्रश्नावर ती काही नाही म्हणाली, आणि त्यांना तसंच लिहावं लागलं. त्या रकान्यात दुसरं लिहायला जागा नव्हती. कागद आवरताना त्यांची नजर उत्तरेच्या भिंतीवर गेली. सात वर्षांच्या चुन्याच्या खुणा, एकीवर एक, ओळीनं.

त्यांनी चष्मा पुसून विचारायला सुरुवात केली. कुठली खूण कधीची, हे तिनं न अडखळता सांगितलं. संक्रांतीची दाखवली. तिच्या वर आणखी चार बोटं खुणा होत्या, त्या कशाच्या असं गुरुजींनी विचारलं.

"त्या संक्रांतीच्या आधीच्या. तीन आठवडे आधी तो तिथं थांबतो आन् मग फिरतो. संक्रांतीला फिरतो म्हणतात, पर तवा तो फिरून खाली आलेला असतो, गुरुजी. दरसाल बघितलंय मी."

गुरुजी खाटेच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "तुझंच बरोबर आहे. पूर्वी, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, तो संक्रांतीलाच वळायचा. मग दिवस सरकत गेले. मी हे पुस्तकात वाचलंय. तू वाचलेलं नाहीस."

आठवड्यानं ते एक जुनं भूगोलाचं पुस्तक घेऊन आले. त्यात शेवटी आकाशाचे नकाशे होते. शिवकांतानं ते पाठ केले. सप्तर्षीच्या शेपटीचा बाक पुढं नेला की स्वाती येते, तसंच आणखी पुढं गेलं की चित्रा. यातला प्रत्येक तारा सूर्यच आहे, फक्त लांबचा, असंही त्यात लिहिलं होतं. तिनं तारे शेवटचे पाहिले त्याला आठ वर्षं झाली होती, आणि तेव्हा तिला नावं माहीत नव्हती.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेत असलेली कचेरी आता लातुरात आली, आणि तिथल्या एका कार्यालयात महादेवप्पाला शिपायाची नोकरी लागली. तो तिथं खोली करून राहायचा, शनिवारी गावी यायचा. अक्काला निराधारांचं अनुदान मिळवून द्यायचं त्यानं मनावर घेतलं. त्यासाठी तिला लातुरात डॉक्टरांपुढं दाखवणं भाग होतं. संक्रांतीनंतर चार दिवसांनी तिला पहाटे चादरीच्या झोळीत घालून दाराबाहेर काढलं. पाठीतून कळ गेली तशी तिनं ओठ दाबून धरला. बैलगाडीनं देवणीपर्यंत नेलं, तिथून तुरीची पोती घेऊन निघालेल्या टेम्पोत पोत्यांवर घोंगडी अंथरून तिला आडवं केलं. झोळीत असेपर्यंत तोंडावर चादर होती आणि गाडीला ताडपत्रीचं छप्पर होतं. टेम्पो निघाला तेव्हा तिनं चादर बाजूला केली.

पहिल्यांदा तिला भीती वाटली. कुणीतरी छत काढून नेलंय आणि आता आपण वर पडणार, असं वाटून तिनं पोत्याचा कोपरा मुठीत धरला. इतके तारे असतात हे ती विसरली होती. डोळे मिटून तिनं काही वेळ काढला. मग नुसतं उत्तरेला बघायचं ठरवलं. सात तारे सापडले. शेपटीचा बाक धरून ती हळूच पुढं गेली, तर तांबूस, मोठी स्वाती तिथंच होती. तिच्या पुढं चित्रा. पुस्तकात होतं तसंच सगळं. रस्ता वळायचा तेव्हा सगळं आकाश एका बाजूला वळायचं. महादेवप्पा शेजारी घोंगडी पांघरून बसला होता. त्यानं विचारलं, "अक्का, थंडी वाजायलीय का?" ती नाही म्हणाली. तिचे कान ओले झाले होते, पण अंधारात त्याला दिसलं नाही. उजाडायला लागलं आणि एकेक तारा पुसला गेला, तेव्हा कुणी आपल्या हातातलं काढून घेतंय असं तिला वाटलं.

लातुरात दिवसभर रांगेत गेला. संध्याकाळी कळलं, की तिचे दवाखान्याचे जुने कागद जुन्या जिल्ह्यात आहेत, ते आल्यावर पुन्हा यावं लागेल. महादेवप्पा चिडला, हताश झाला. शिवकांताला मात्र इतका आनंद झाला की तो लपवायला तिला तोंड वळवावं लागलं. ती पुढच्या पहाटेचे दिवस मोजत राहिली. कागद यायला दोन महिने लागले. अक्काला मागच्या वेळी फार हाल सोसावे लागले म्हणून महादेवप्पानं कुणाकुणाचे पाय धरून एका जीपची सोय केली. जीप सकाळी दहाला आली. तिला कापडी टप होता.

त्यानंतर तिनं एकदा आईजवळ बोलून पाहिलं, की संध्याकाळी मला अंगणात नेता का. उमाबाई म्हणाल्या, रोज चार गडी कुठून आणू बाई. ते खरंच होतं. शिवकांतानं परत विचारलं नाही. दोन वर्षांनी उमाबाई गेल्या. आईला मातीला नेताना लोकांचा आवाज तिनं खोलीतून ऐकला.

पंच्याऐंशीला पुन्हा पाऊस गेला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला होता आणि त्याच वर्षी महादेवप्पानं मागची खोली, जुन्या भिंती शक्य तिथं ठेवून, पक्की करायची, वर स्लॅब टाकायचा असं ठरवलं. वाळू, सळया आधीच येऊन पडल्या होत्या. हे सगळं त्यानं अक्कासाठीच चालवलं होतं. पत्र्याखाली तेरा उन्हाळे तिनं काढले, चौदावा काढू द्यायचा नाही, असं तो कार्यालयात सगळ्यांना सांगायचा. शिवकांतानं स्लॅबला एक भोक ठेवशील का असं विचारलं, तेव्हा तो आधी हसला. स्लॅबला भोक कोण ठेवतं? पाणी मुरंल, सळई गंजंल. तिनं पुन्हा विचारलं तसा तो दुखावला. मी तुझ्यासाठी एवढं करायलो आन् तुला भोकच पाहिजे, एवढंच म्हणून तो उठून गेला. गौरम्मानं रात्री नवऱ्याला काय सांगितलं कोण जाणे. सकाळी येऊन तो म्हणाला की गवंड्याला सांगून एक पाइपाचा तुकडा बसवून घेतो.

शिवकांतानं मनाशी हिशेब केला. स्लॅब जाड, त्यात पाणी जाऊ नये म्हणून पाइप वर काढलेला. सूर्य अगदी डोक्यावर असेल तेव्हाच त्यातून ऊन खाली उतरणार. म्हणजे वैशाखात काही दिवस, श्रावणाच्या आगेमागे ढग नसले तर काही दिवस. बाकी वर्षभर काळोख. भिंतीवरची खूण नाही, पावलांवरचं ऊन नाही. ती बरं म्हणाली.

फाल्गुन सरता सरता पत्रे उतरवले. खोली रिकामी करायची तर शिवकांताला हलवणं आलं. तिला झोळीतून बाहेर काढलं, खाटेचे पाय काढून खाट बाहेर आणली आणि अंगणात कडब्याच्या गंजीशेजारी तिला जागा दिली. दुपारी वर पाल बांधायचं, संध्याकाळी सोडायचं. पहिले दोन दिवस तिला लाज वाटली. बायका मुद्दाम वाकडी वाट करून यायच्या, तिच्या पायांकडं बघायच्या. एक म्हातारी तर तिला ओळखूच शकली नाही. शिवकांता पडली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि आता केसांत पांढरं दिसत होतं.

पण संध्याकाळी पाल सुटायचं. चुलीचा धूर खाली बसला, जेवणं झाली, की ती वर बघत पडायची. रोज तेच तारे थोडे आधी येतात, हे तिला पुस्तकातून माहीत होतं, आता ते दिसत होतं. पाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते, तेव्हा दक्षिणेकडं, पाटलाच्या लिंबाच्या शेंड्यावर, तिला नकाशात नसलेलं काहीतरी दिसलं. पिंजलेल्या कापसाचा बोळा असावा तसं, फिकट. रेडिओवर महिनाभर ज्या धूमकेतूचं सांगत होते तो हाच, हे तिच्या लक्षात आलं. तिनं गौरम्माला बोलावून दाखवलं. गौरम्माला आधी दिसेना, मग दिसलं. एवढाच? असं ती म्हणाली. शिवकांता म्हणाली की हा शहात्तर वर्षांनी परत येतो. गौरम्मा उभ्या उभ्या हिशेब करत होती, आपण नसू, पोरी असतील का, त्यांच्या पोरी असतील.

दुसऱ्या दिवशी स्लॅबच्या फळ्या लागल्या. पाइप कुठं बसवायचा हे विचारायला गवंडी महादेवप्पाला घेऊन अंगणात आला. शिवकांतानं त्याला थांबवलं.

"महादेव, पाइप नको बसवू."

"आता काय झालं, अक्का?"

"दार रुंद कर. खाट अशीच्या अशी भाईर आली पाहिजे. आन् उंबरा काढ."

त्यानं चौकटीकडं हात केला. चौकट आजोबांच्या वेळची, सागवानी. उंबरा काढलेलं घर कुणी पाहिलंय का? शिवकांतानं त्याच्यावरची नजर काढली नाही. गवंड्यानं मधेच सांगितलं, दाराकडची भिंत नवी, ओलीच आहे, आत्ता तोडली तर तोडता येईल, मग नाही. महादेवप्पा अर्धा दिवस फुगून बसला. संध्याकाळी त्यानं स्वतः हातात पहार घेतली.

पाण्याची ओढ असल्यामुळं स्लॅब भिजवायला भांड्याचं, अंघोळीचं पाणी साठवून घालावं लागत होतं, आणि गवंड्यानं घाई नको म्हणून फळ्या महिनाभर ठेवल्या. शिवकांताला तो महिना मिळाला. वैशाखात तिची खाट दोन बायकांनी ढकलत आत नेली. खोली थंड होती, नव्या सिमेंटच्या वासानं भरलेली. भिंतींना आतून गिलावा झाला होता. उत्तरेची भिंत तेवढी ठेवा असं गौरम्मानं सांगून ठेवलं होतं, पण ती टँकरवर गेलेली असताना काम उरकलं गेलं. बारा वर्षांच्या खुणा गिलाव्याखाली गेल्या. शिवकांता दोन दिवस जेवली नाही. महादेवप्पाला वाटलं, नव्या जागेत अन्न जात नसेल.

बाहेर येणं रोज जमत नव्हतं. खाट ढकलायला दोघी लागायच्या. गौरम्माच्या मुली लहान होत्या, शेजारची दानम्मा मोकळी असेल तरच यायची, आणि उन्हाळ्यात, सुगीत कोण मोकळं असतं. कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं. पावसाळ्यात तर नाहीच. मधले दिवस ती पांढऱ्या छताकडं बघत काढायची, आत्ता वर कुठला तारा असेल याचा अंदाज बांधत, आणि तो बरोबर होता की चूक हे कळायला पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागायचं.

त्या वर्षी मार्गशीर्षात एकदा योग आला. दानम्मानं हात लावला, खाट बाहेर निघाली, दानम्मा आपल्या घरी गेली. झोपायच्या आधी येते, तेव्हा आत घेऊ, म्हणाली. गौरम्मा धुणी-भांडी उरकून खाटेशेजारी येऊन बसली. पूर्वेला रोहिणी वर चढत होती, तिच्या पुढं कृत्तिकांचा पुंजका. शिवकांता तिला दाखवत होती, गौरम्मा हूं हूं करत होती. मग हूं थांबलं. पाहिलं तर तिचं डोकं खाटेच्या कडेच्या गात्यावर टेकलेलं होतं, तोंड थोडं उघडं. दिवसभर ती कापूस वेचून आली होती.

दव पडायला लागलं. दानम्मा बहुतेक विसरूनच गेली होती. शिवकांताच्या खांद्यांना गारठा जाणवत होता, घोंगडी पायथ्याशी होती आणि तिथवर तिचा हात पोचत नव्हता. गौरम्माला हाक मारली की ती दचकून उठणार, धावत जाऊन दानम्माला घेऊन येणार. शिवकांतानं पदर गळ्याशी ओढून घेतला आणि ती रोहिणी डोक्यावर येण्याची वाट बघत, आवाज न करता पडून राहिली.